नाण्याची पारख आणि डब्यावरचा आकडा



वसंत ऋतूत गावाने एकत्र बसून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात, हा प्रघात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास घातला आणि पुढे तो महाराष्ट्रभर पसरला. ह्या व्यासपीठावर बहुधा इतिहास, वाङ्मय, समाजकारण असे भारदस्त विषय येतात. त्या मानाने आमचा आजचा विषय काहीसा बाजारी वाटेल. परंतु बाजार जेव्हा आपल्या खिशातील मोबाइलमधून थेट घरात शिरतो, तेव्हा बाजारी विषय हाही लोकशिक्षणाचाच विषय होतो, असे आम्हांस वाटते. जुनी नाणी प्लॅस्टिकच्या सीलबंद डब्यात घालून, त्यांवर प्रतीचा आकडा छापून, ती ऑनलाइन विकली जातात. अशी नाणी घेताना धोका कोठे असतो आणि तो कसा ओळखावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, जव्हार-मोखाड्याचा आणि ह्या श्रीमंती छंदाचा संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. ह्या डोंगरी मुलखात बँक पोहोचण्यापूर्वी चांदी हीच बँक होती. चार पैसे शिल्लक पडले की ते चांदीत घालावयाचे, आणि अडचण आली की तीच चांदी सावकाराकडे किंवा सोनाराकडे न्यावयाची, ही रीत आपल्या आजी-पणजींना चांगली ठाऊक होती. राणीछाप रुपयाला कडी लावून तो माळेत ओवीत, किंवा कापडाच्या पुरचुंडीत बांधून कणगीच्या तळाशी ठेवीत. आज त्या घरांतील मुले शिकली, कोणी शिक्षक झाले, कोणी पालघर, नाशिक, ठाणे येथे नोकरीस लागले. त्यांच्या मोबाइलवर दोन प्रकारच्या जाहिराती येतात. एक म्हणते, 'तुमच्या घरातील जुने नाणे लाखो रुपयांना विका.' दुसरी म्हणते, 'हे प्रमाणित नाणे आजच घ्या, उद्या दुप्पट होईल.' पहिलीत घरची चांदी जाण्याचे भय, दुसरीत पगार जाण्याचे. म्हणून हा विषय ह्याच गावी बोलावयास हवा.

आता ही डब्याची पद्धत आली कोठून ते थोडक्यात पाहू. नाणे जितके कमी झिजलेले तितके ते मोलाचे, हे कोणासही कळते. पण 'कमी झिजलेले' म्हणजे किती, ह्यावर घेणारा आणि विकणारा ह्यांचे कधीच एकमत होत नाही. १९४९ साली अमेरिकेतील विल्यम शेल्डन ह्या गृहस्थांनी तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी सुचविली. जे नाणे जेमतेम ओळखू येते ते १, आणि जे सर्वथा निर्दोष ते ७०. त्यांची मूळ कल्पना अशी की, ७० श्रेणीच्या नाण्याची किंमत १ श्रेणीच्या नाण्याच्या सत्तर पट असावी. किमतीचे ते गणित बाजाराने लवकरच मोडीत काढले, पण आकडे मात्र राहिले. पुढे १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी ह्या अमेरिकन संस्थांनी काम सुरू केले. घेणारा एक, विकणारा दुसरा, आणि दोघांशी देणेघेणे नसलेला तिसरा पारखी, अशी ही योजना. हा तिसरा नाणे पाहतो, खरे-खोटे ठरवितो, आकडा देतो आणि नाणे डब्यात बंद करतो. ह्या डब्यास नाणेप्रेमी मंडळी 'स्लॅब' म्हणतात.

मंडळी, ही कल्पना आपणांस नवी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे पोतदार होता तो हेच काम करीत असे. पेशवाईत टाकसाळी खाजगी लोकांस सनदा देऊन चालवावयास देत. त्यामुळे अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हांचे रुपये एकाच बाजारात फिरत आणि प्रत्येकाचा भाव निराळा असे. कोणता रुपया चोख, कोणत्यास किती बट्टा, हे सांगणारा माणूस म्हणजे पोतदार. नावाला 'बट्टा लागणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार त्या नाण्यांच्या बाजाराचीच आठवण आहे. 'खणखणीत नाणे' हा दुसरा. तेव्हा तिसऱ्या पारख्याची गरज जुनीच आहे. फरक एवढाच की पोतदार समोर बसलेला असे, त्याचे घर ठाऊक असे, आणि तो चुकला तर गावाला तोंड दाखवावे लागे. आजचा पारखी हजारो मैलांवर आहे, आणि त्याच्या नावाचे लेबल कोणीही छापू शकतो.

आकड्याच्या मोहाविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. ज्या शेल्डनसाहेबांनी ही श्रेणी निर्माण केली, त्यांनीच न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते, असे पुढे उघडकीस आले. म्हणजे मोजपट्टी बनविणाराच मापात खोटा निघाला. ह्यावरून मोजपट्टी फेकून द्यावी असे नव्हे. पण मोजपट्टी आणि ती हातात धरणारा माणूस ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

डब्यातील नाणे घेण्यापूर्वी आपण स्वतःस चार प्रश्न विचारावेत, असे आमचे सांगणे आहे. नाणे खरे आहे काय? प्रत लिहिली तशी आहे काय? त्या प्रतीस मागितलेली किंमत योग्य आहे काय? आणि विकणारा कोण आहे? ह्या चारांचा गोंधळ करणे हाच निम्म्या फसवणुकींचा पाया होय. विकणारा एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि चारही सुटले असा भास निर्माण करतो.

पहिला प्रश्न खरेपणाचा. सुट्या नाण्याची परीक्षा आपल्या सोनारासही करता येते. १८३५ पासून कंपनी सरकारने सबंध मुलखात एकाच वजनाचा रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस धातू. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. तेव्हा १९४५ चा रुपया 'शुद्ध चांदीचा' म्हणून कोणी विकत असेल, तर त्याची दुसरी कोणतीही परीक्षा घेण्याची गरज उरत नाही.

वजनाहून अधिक खात्रीची परीक्षा पाण्याची. बारीक वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि रुपया दोऱ्याला बांधून, तळास किंवा काठास न टेकेल असा पाण्यात सोडावा. काटा जे वजन दाखवील ते त्या रुपयाने बाजूस सारलेल्या पाण्याचे. जुन्या चांदीच्या रुपयासाठी ते सुमारे १.१३ ग्रॅम येते. पितळेचे किंवा तांब्या-निकेलचे त्याच वजनाचे नाणे असेल तर आकडा १.३ च्या वर जातो. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत सहज होण्याजोगी आहे, आणि तिच्याने नाण्यावर ओरखडाही उमटत नाही. अर्थात चांदी बरोबर निघाली म्हणून नाणे खरे ठरत नाही, कारण चांदीचेच बनावट नाणेही पाडता येते. मात्र चांदी चुकली तर नाणे नक्की खोटे.

आता गंमत पाहा. नाणे डब्यात बंद झाले की ह्या दोन्ही परीक्षा बंद होतात. वजन करता येत नाही, पाण्यात सोडता येत नाही, वाजवून पाहता येत नाही, कडेवरच्या रेषा धड दिसत नाहीत. शंका दूर करण्यासाठी बनविलेला डबा हाच शंका तपासण्याची साधने आपल्या हातातून काढून घेतो. मग उरतो तो केवळ विश्वास, आणि विश्वास जेथे एकवटतो तेथे ठक पोहोचतोच. २००८ च्या सुमारास वर सांगितलेल्या दोन्ही संस्थांना, आपल्या डब्यांची हुबेहूब नक्कल बाजारात आली आहे, असे जाहीर करावे लागले. पूर्वी खोटे नाणे विकत, आता खोट्या नाण्यास खोटा डबाही मिळू लागला.

ह्यावर उपाय आहे. प्रत्येक डब्यावर एक क्रमांक असतो. तो त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. विकणाऱ्याने पाठविलेल्या दुव्यावरून तेथे जाऊ नये, पत्ता आपला आपण लिहावा. परंतु क्रमांक सापडला की काम झाले, असे समजणारे बरेच लोक फसतात. नक्कल करणारा खरा क्रमांकच उचलतो, त्यामुळे तो तपासात 'बरोबर' म्हणूनच येतो. म्हणून क्रमांकापुढे नोंदलेले नाणे, साल, टाकसाळ आणि प्रत आपल्या समोरच्या नाण्याशी जुळते काय ते पाहावे. संस्थेने त्या नाण्याचे छायाचित्र ठेवले असेल तर ते समोर ठेवून खुणांवर खुणा जुळवाव्यात. राणीच्या गालावरचा ओरखडा, कडेवरचा काळसर डाग, एखाद्या अक्षराचा तुटका पाय, ह्या गोष्टी माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात. त्या जुळल्या नाहीत तर नाणे दुसरे आहे. अलीकडे काही डब्यांत मोबाइल टेकविताच ओळख पटविणारी चिप असते, तिचाही उपयोग करावा. आणि विकणाऱ्याने नाण्याची दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे देण्यास टाळाटाळ केली, तर तेथेच रामराम म्हणावे.

ह्याखेरीज एक तिसराच वर्ग आहे. डबा खरा, लेबल खरे, पण पारख करणारी संस्था म्हणजे विकणाऱ्याच्याच घरातील एक टेबल. इंग्रजी नाव, चकचकीत चिन्ह, आणि आकडा नेहमी ६५ च्या पुढे. नाव तिसऱ्याचे आणि हात विकणाऱ्याचा, असा हा प्रकार. ह्या वर्गास ओळखण्याची खूण सोपी आहे. त्या संस्थेचा डबा तिच्याशी संबंध नसलेले दुसरे व्यापारी, त्याच आकड्याच्या भरवशावर, विकत घेतात काय, ते विचारावे. घेत नसतील तर तो डबा म्हणजे नुसते प्लॅस्टिक होय.

दुसरा प्रश्न प्रतीचा. ६० ते ७० हे आकडे जे नाणे कधी वापरातच आले नाही त्यासाठी असतात. जे चार हातांतून फिरले ते त्याखाली. आपल्या घरातील माळेतील रुपया कितीही प्रिय असला तरी त्यास कडीचा डाख लागलेला असतो, तो काढला तरी व्रण राहतो, आणि पारख करणारी संस्था त्यास साधा आकडा देत नाही. नाणे खरे आहे पण त्यात अमुक दोष आहे, असा शेरा लेबलावर मारते. चिंच, राख किंवा भांडी घासण्याची पूड लावून चकचकीत केलेल्या नाण्याचीही हीच गत. आपल्याकडे सण आला की चांदी घासण्याची रीत आहे. दागिन्यास ती शोभते, नाण्याचे मात्र तिने मोल उतरते. विकणारे काय करतात, छायाचित्रात लेबलाचा दोषाचा शेरा असलेला भाग कापतात आणि संस्थेचे नाव तेवढे दाखवितात. म्हणून सबंध लेबल वाचल्याशिवाय पैशाची गोष्ट काढू नये.

तिसरा प्रश्न किमतीचा, आणि येथे खऱ्या डब्यातील खरे नाणेही माणसास बुडवू शकते. आकडा नाण्याची अवस्था सांगतो, त्याची दुर्मीळता सांगत नाही. तसेच सालही दुर्मीळता सांगत नाही. तीन उदाहरणे देतो.

१८६२ चा राणीछाप रुपया दीडशे वर्षांहून जुना, म्हणून फार दुर्मीळ असावा असे वाटते. वस्तुतः १८६२ हेच साल ठेवून सरकारने १८७४ पर्यंत रुपये पाडले, आणि वेगवेगळ्या वर्षांची खूण म्हणून बारीक ठिपके घातले. त्यामुळे साधा १८६२ चा रुपया विपुल आहे. मोल असलेच तर एखाद्या विशिष्ट ठिपक्यांच्या जातीस असते, आणि ती जात ओळखणे हे अभ्यासाचे काम आहे.

दुसरे उदाहरण १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचे. राजाच्या गळ्यातील पदकमालेत हत्ती होता, पण तो लोकांस डुकरासारखा दिसला आणि असंतोष माजला. सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये पाडले गेले होते. त्यांपैकी सुमारे सात लाखच बाहेर पडले, उरलेले वितळविले, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा केला. गोष्ट खरी आहे आणि सुरस आहे. पण सात लाख ही काही थोडी संख्या नव्हे. गोष्ट सांगून नाण्याचा भाव चढवावा ही विक्रीची जुनी युक्ती आहे. गोष्ट फुकट ऐकावी, पैसे नाण्याचे द्यावेत.

तिसरे उदाहरण १९३९ च्या रुपयाचे. हा खरोखरच दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच खोटा फार निघतो. १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून नऊ केलेला, किंवा सबंधच बनावट ठशाने पाडलेला. येथे वजन आणि चांदी बरोबर येऊ शकते, तेव्हा पाण्याची परीक्षाही उपयोगी पडत नाही. अशा नाण्यास नामांकित संस्थेचा डबा आणि जुळणारे छायाचित्र हवेच. आणि ते स्वस्तात मिळत असेल, तर स्वस्त असणे हाच त्याचा दोष समजावा.

किंमत ठरविताना विकणारा काय मागतो ह्याकडे पाहू नये, नाणे प्रत्यक्षात कितीस गेले ते पाहावे. आपल्या देशात नाण्यांचे जाहीर लिलाव होतात आणि त्यांतील विक्रीचे भाव पुढे प्रसिद्ध होतात. त्याच जातीच्या, त्याच प्रतीच्या नाण्यास मागील दोन-तीन लिलावांत काय आले हे पाहिल्यावाचून मोठी रक्कम गुंतवू नये. त्या भावातून विक्रीचे दलालीशुल्क वजा जाते, हेही हिशेबात धरावे. आजकालच्या स्मारक-नाण्यांचे संच तर सरकारी टाकसाळ स्वतःच विकते. ते दुसऱ्या हातून, डब्यात घालून, अनेक पट दामाने घेण्यात शहाणपण नाही.

काही वस्तू तर नाणीच नव्हेत. एका बाजूस राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल, अशी तांब्या-पितळेची चकती आपण पाहिली असेल. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. ते अलीकडचे देवस्थानी बिल्ले होत. त्यांस चमत्कारी शक्ती चिकटवून, ते तांदूळ ओढून घेतात असे सांगून, खेड्यापाड्यांतील लोकांस लाखोंनी लुटल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. शिवछत्रपतींचा सुवर्ण होन हा अतिशय दुर्मीळ. तो कोणी मोबाइलवर चार हजारांस देऊ करीत असेल, तर त्यात महाराजांच्या नावाचा बाजार आहे, नाणे नाही. महाराज सुरतेच्या वाटेवर शिरपामाळावर थांबले ही आपल्या जव्हारची आवडती आठवण आहे. तिचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पितळेस भुलू नये.

चौथा प्रश्न, विकणारा कोण? आणि त्याच्याच जोडीने, विकत घेतो म्हणणारा कोण? आपल्या भागात आम्हांस दुसऱ्या प्रकाराची अधिक काळजी वाटते. वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे, ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाचाची नोट, ही दाखवून 'आम्ही लाखाला घेतो' असे सांगतात. माणूस छायाचित्र पाठवितो. मग नोंदणीशुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र, असे करीत करीत त्याच्याकडूनच पैसे काढतात. १४ ऑगस्टला झेंडावंदनाची तयारी करावी तशी तयारी ही टोळी करते. बँकेचे बोधचिन्ह, शिक्का, सही, सर्व काही कागदावर असते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून स्पष्ट सांगितले की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, आपण कोणतेही शुल्क किंवा दलाली मागत नाही, आणि तसा अधिकार कोणासही दिलेला नाही. एवढे एक वाक्य जरी आज प्रत्येकाने घरी नेले तरी ही सभा सार्थकी लागली असे आम्ही समजू.

दुसरे वाक्य ह्याहूनही लहान आहे. पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही. आपल्या खात्यात पैसे यावयाचे असतील तर आपण काही स्कॅन करावयाचे नसते आणि गुप्त अंकही द्यावयाचा नसतो. जो सांगतो, 'पैसे पाठवितो, पिन टाका', तो पैसे पाठवीत नाही, नेतो. वीटभट्टीवर सहा महिने राबून आणलेली रक्कम एका बोटाच्या स्पर्शाने जाऊ शकते, म्हणून हे पुन्हा सांगतो.

विकत घेताना अनोळखी माणसास आगाऊ पैसे देऊ नयेत. ज्या व्यवहारात पोच मिळते, परत करण्याची मुदत लिहिलेली असते आणि विकणाऱ्याचे नाव-पत्ता असतो, तोच व्यवहार करावा. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार बाजारपेठ चालविणाऱ्या संकेतस्थळाने विकणाऱ्याची माहिती देणे, तक्रार अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि ती एका महिन्यात निकालात काढणे बंधनकारक आहे. पार्सल उघडताना मोबाइलने चित्रण करून ठेवावे. संशय आला तरी डबा फोडू नये, कारण फोडलेला डबा कोणी परत घेत नाही. ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे करता येते, विकणारा दिल्लीत असला तरी. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजेखातर घरात बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर तात्काळ कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच तो अडविता येतो.

कायद्याच्याही दोन गोष्टी सांगणे प्राप्त आहे. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचे गाडगे सापडले, तर १८७८ च्या निखातनिधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. न देणे हा गुन्हा आहे. वर्दी देणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, लपविणारा तो गमावतो. दुसरे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू होय. अशी वस्तू खाजगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही, आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. आजोबांचा राणीछाप रुपया पारख करून घेण्यासाठी अमेरिकेस टपालाने धाडावा, असा सल्ला कोणी देत असेल, तर तो आपणांस तुरुंगाची वाट दाखवीत आहे. त्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

इतके सारे धोके ऐकून कोणी म्हणेल, मग हा नादच नको. आमचे तसे मत नाही. नाणे हा इतिहासाचा अत्यंत प्रामाणिक साक्षीदार आहे. आपल्याच वाटेवर, मोखाड्याहून त्र्यंबक ओलांडून नाशिककडे निघाले की अंजनेरी लागते. तेथे परमेश्वरीलाल गुप्त आणि कृष्णकुमार माहेश्वरी ह्यांनी नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी १९८० साली स्थापन केलेल्या संस्थेने ह्या विषयाला देशात मानाचे स्थान मिळवून दिले. ज्यास नाण्यांची आवड आहे त्याने आधी पुस्तक घ्यावे, मग भिंग, मग बारीक वजनकाटा, आणि सर्वांत शेवटी नाणे. पहिली खरेदी इतकी लहान असावी की ती फसली तरी घरात चूल पेटण्यास अडचण येऊ नये. आणि नाणे घ्यावे ते आवडीसाठी घ्यावे. दुप्पट होईल म्हणून घेतलेले नाणे सहसा दुप्पट होत नाही, कारण ते दुप्पट होणार हे ज्यास खरोखर ठाऊक असते तो ते विकतच नाही.

शेवटी एक सूचना करतो. जव्हार आणि मोखाडे येथील वाचनालयांनी व शाळांनी मिळून वर्षातून एक दिवस ठेवावा. त्या दिवशी ज्यांच्या घरी जुने रुपये, माळा, पुरचुंड्या असतील त्यांनी त्या घेऊन यावे. शास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनी वजनकाटा आणि पाण्याचे भांडे मांडावे, इतिहासाच्या शिक्षकांनी साल आणि छाप वाचून सांगावे, आणि मालकाच्या वहीत नोंद करून द्यावी. नाणे कोणी विकत घ्यावयाचे नाही, कोणी विकावयाचे नाही, केवळ ओळख करून घ्यावयाची. ज्या बाईच्या गळ्यातील माळेत अकरा रुपये आहेत तिला त्यांतील चांदी किती, साल कोणते आणि त्यांत एखादा वेगळा आहे काय, हे ठाऊक झाले, की तिला वजनाच्या भावात लुटणारा व्यापारी आणि लाखाचे आमिष दाखविणारा ठक, दोघेही तिच्या दारातून हात हलवीत परत जातील. पारख ही विकत मिळणारी वस्तू नव्हे. ती गावाने एकमेकांस शिकवावी लागते, आणि ती शिकविण्यास एक वजनकाटा, एक भांडे आणि एक रविवार एवढी सामग्री पुरते.